अंड्याशिवाय पातळ क्रेप: पीठ, मुरणं आणि तव्याची आच

अंड्याऐवजी काय घालायचं? बिनअंड्याचे क्रेप, म्हणजे मैद्याच्या पातळ फ्रेंच पोळ्या, करायला निघालेल्या प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न, आणि फसगतीची सुरुवातही तिथेच होते. मग कुणी पिकलेलं केळं कुस्करतं, कुणी कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडतं, कुणी चिमूटभर सोडा टाकतं. तव्यावर उतरतं ते कधी जाड गोड धिरडं, कधी चिकटून फाटलेला लगदा. खरं तर अंड्याच्या जागी एखादा दुसरा पदार्थ बसवायची गरजच नाही. अंडं जी कामं करतं ती कोणती हे कळलं, की ती कामं मैदा, दूध आणि कॉर्नफ्लोअर यांच्यात वाटून देता येतात. उरलेलं सगळं पीठ किती सैल आहे, किती वेळ मुरलं आणि तवा किती तापला यावर ठरतं.

अंडं नसताना पोळी कागदासारखी पातळ होऊ शकते, याचा पुरावा नागपुरात शोधत बसायला नको. इथली लांब पोळी आठवा. कुणी तिला लंबी रोटी म्हणतं, कुणी मटका रोटी. गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी, एवढाच ऐवज. सैलसर कणीक आपटून-आपटून, ओढून-ओढून हातभर लांब करतात आणि चुलीवरच्या पालथ्या माठावर टाकतात. पलीकडचं दिसेल इतकी पातळ होऊनही ती फाटत नाही, कारण गव्हातल्या प्रथिनांची लवचिक जाळी तयार झालेली असते. तिला ग्लुटेन म्हणतात. क्रेपमध्ये हीच जाळी हवी, पण बेताची. लांब पोळीएवढी चिवट झाली तर क्रेप वातड लागेल.

अंडं नेमकं काय करतं

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, क्रेप तिथला. तिथल्या मैद्याच्या गोड क्रेपमध्ये साधारण २५० ग्रॅम मैद्याला अर्धा लिटर दूध आणि तीन-चार अंडी असं प्रमाण असतं. अंड्यातली प्रथिनं ६० ते ७० अंशांच्या आसपास घट्ट होतात आणि पिठाचा पातळ थर एकसंध धरून ठेवतात, म्हणून क्रेप उलटताना तुटत नाही. बलकातलं लेसिथिन लोणी आणि दूध एकत्र राखतं. पिवळसर रंग, तपकिरी नक्षी, मऊपणा यांतही अंड्याचा वाटा असतो. शिवाय एक गोष्ट सहज विसरली जाते: अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. म्हणून नेहमीच्या कृतीतून नुसती अंडी वगळली, तर पीठ दाट होतं आणि क्रेपचं धिरडं होतं. तेवढा द्रव परत द्यावाच लागतो.

आता वाटणी. धरून ठेवायचं काम मैद्याचं ग्लुटेन आणि स्टार्च करतात. स्टार्चचे कण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणजे अंडं ज्या तापमानाला घट्ट होतं साधारण तिथेच. रंगाचं काम दुधाकडे. दुधातली साखर आणि प्रथिनं तापल्यावर खरपूस तपकिरी डाग पडतात. निव्वळ पाण्यात भिजवलेला क्रेप पांढराफटक राहतो. मऊपणा लोण्यातून येतो. आणि कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन अजिबात नसल्यामुळे ते मैद्याचा चिवटपणा कमी करून क्रेप नाजूक ठेवतं.

प्रमाण

२० सेंटिमीटर व्यासाचे आठ-नऊ क्रेप होतील एवढं हे माप आहे. कप म्हणजे २४० मिलीलिटरचा.

मैदा १२५ ग्रॅम, म्हणजे एक कप, न दाबता भरलेला
कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, सपाट
दूध २४० मिली, कोमट
पाणी १०० मिली, आणि नंतर लागेल तसं आणखी दोन-चार चमचे
वितळलेलं लोणी किंवा साजूक तूप १ मोठा चमचा
मीठ पाव छोटा चमचा
गोड क्रेप हवे असतील तर साखर १ छोटा चमचा

गोड क्रेपमध्ये एक मोठा चमचा दूध पावडर घातली तर रंग छान येतो. तिखटमिठाच्या क्रेपला एक मोठा चमचा बेसन चालतं, त्याने पिवळेपणा येतो आणि प्रथिनंही वाढतात. पण एकच चमचा. दुसरा गेला की वास बेसनाच्या धिरड्याचा येऊ लागतो आणि सगळ्या नाजूकपणावर पाणी पडतं.

घरी वजनकाटा नसेल तर एकच वाटी धरा: एक वाटी मैद्याला एक वाटी दूध आणि जवळजवळ अर्धी वाटी पाणी. साखर वाढवायचा मोह मात्र आवरा. पिठात साखर जास्त झाली की क्रेप तव्याला धरतो आणि शिजायच्या आत करपतो. गुळाची धिरडी तव्याला का चिकटतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कंडेन्स्ड मिल्क आणि केळं यांचा त्रासही हाच.

सोडा किंवा बेकिंग पावडर बिलकुल नको. क्रेप फुगायला नकोच आहे. बुडबुडे झाले की थर जागोजागी कमकुवत होतो. जवस मात्र विचार करण्यासारखा आहे. एक चमचा जवसाची बारीक पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते आणि ती खरोखर पीठ धरून ठेवते. पण तपकिरी ठिपके दिसतात आणि जवसाची चवही जाणवते. चटणीची सवय असलेल्या वैदर्भीय जिभेला ती तिखटमिठाच्या क्रेपमध्ये आवडेलही. गोड क्रेपमध्ये घालू नये.

भिजवणं आणि मुरवणं

मैदा, कॉर्नफ्लोअर, मीठ एकत्र चाळून गंजात घ्या. सगळं दूध एकदम ओतू नका. आधी फक्त अर्ध दूध घालून घट्टसर, गुळगुळीत पीठ करा, मग उरलेलं दूध आणि पाणी थोडं थोडं करून सैल करत न्या. यामागचं कारण सोपं आहे: घट्ट पिठात रवी फिरली की गुठळ्या एकमेकींवर घासून फुटतात, पातळ पिठात त्या नुसत्या तरंगत बाजूला सरकतात. शेवटी लोणी घाला आणि पीठ गाळणीतून गाळून घ्या. मिक्सरही चालतो, पण दहा-पंधरा सेकंदच. त्याने फेस होतो आणि तो बसायला जास्त वेळ द्यावा लागतो.

दूध कोमटच घ्यायचं. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी असते तेव्हा फ्रीजमधल्या दुधात वितळलेलं लोणी पडताच त्याचे कण गोठतात आणि तेच कण तव्यावर भोकं पाडतात. उलट उकळतं दूध घातलं तर मैद्यातलं स्टार्च गंजातच शिजून खळीसारखे गोळे होतात. बोट सहज सहन करेल इतकीच ऊब हवी.

यानंतर पीठ किमान अर्धा तास झाकून ठेवा, तासभर ठेवलं तर उत्तम. अंड्याच्या क्रेपमध्ये हा वेळ चुकवला तरी एकवेळ निभावतं, बिनअंड्याच्या पिठात निभावत नाही. या वेळात मैद्याचा कणन् कण भिजतो, ढवळताना ताणलं गेलेलं ग्लुटेन सैलावतं आणि हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. न मुरलेलं पीठ तव्यावर पसरताना मागे ओढलं जातं आणि कडेला चिरतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना गंज ओट्यावर ठेवू नका, दुधाचं पीठ आहे, आंबट व्हायला वेळ लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा.

मुरल्यावर पीठ थोडं दाट होतं, तेव्हा आता पुन्हा पाहा. धिरड्याच्या पिठापेक्षा बरंच पातळ, रवा डोशाच्या पाण्यासारख्या पिठापेक्षा दाट, साधारण घुसळलेल्या घट्ट ताकासारखं सरसरीत हवं. पळी बुडवून उचलली की पिठाची अखंड धार पडावी आणि पळीच्या पाठीवर पातळ लेप राहावा. धार तुटक, गोळ्यागोळ्याने पडत असेल तर एकेक चमचा पाणी घाला.

तवा आणि आच

इथे सावकाश वाचा, कारण बहुतेक क्रेप इथे बिघडतात.

भांडं हलकं आणि सपाट हवं, २२ ते २४ सेंटिमीटरचा नॉनस्टिक पॅन सगळ्यात सोयीचा. डोशाचा जड बिडाचा तवा उष्णता छान धरतो, पण तो उचलून गोल फिरवता येत नाही. आणि डोशासारखं वाटीच्या बुडाने पसरवायला जावं, तर क्रेपचं पातळ पीठ वाटीबरोबर ओढलं जाऊन फाटतं. क्रेप पसरवायचा नसतो, पॅन फिरवून पिठाला धावायला लावायचं असतं.

मध्यम आचेवर पॅन दोन मिनिटं तापवा. नॉनस्टिक रिकामा ठेवून मोठ्या आचेवर विसरू नका. २६० अंशांच्या वर त्याचा थर खराब होऊ लागतो आणि त्यातून निघणारा धूरही घातक असतो. ताप पाहायला पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब नुसतेच बसून राहिले तर पॅन थंड आहे. चर्र होऊन दोन-तीन सेकंदांत उडून गेले तर बरोबर. गोळ्या होऊन पॅनभर नाचू लागले तर फार तापला. आच कमी करून अर्धा मिनिट थांबा.

पहिल्या क्रेपपूर्वी तुपाचा हात फिरवा आणि लगेच स्वच्छ फडक्याने पुसून काढा. नुसती झाक राहिली पाहिजे. अर्धा बटाटा काट्याला टोचून तुपात बुडवला आणि फिरवला तरी छान. डोशासाठी वापरतो तो कांदा गोड क्रेपला नको, वास लागतो. तूप जास्त झालं की पीठ धातूला न टेकता त्यावरून घसरतं, तळणीसारखे फोड येतात आणि थर एकसारखा होत नाही.

आता पॅन आचेवरून उचला. एका हाताने मधोमध ५० मिली पीठ ओता, ज्या पळीत किंवा छोट्या वाटीत एवढं मावतं ती आधीच मापून ठेवा. ओतत असतानाच दुसऱ्या हाताने पॅन तिरका करत गोल फिरवा. तीन-चार सेकंदांत पीठ सगळीकडे पोचायला हवं, त्यानंतर ते धरतं आणि हलत नाही. पॅन आचेवरून उचलण्याचा फायदा हाच की हे तीन सेकंद चार-पाच होतात. सुरुवातीला जमत नसेल तर एक हिकमत: पीठ जरा जास्तच ओता, फिरवा आणि न धरलेलं पीठ परत गंजात ओतून टाका. कडेला शेपटी राहते, ती सुरीने कापता येते.

मग ४५ सेकंद ते एक मिनिट हात लावू नका. वरची ओली चकाकी जाते, कडा वाळून आपोआप उचलल्या जातात, पॅन हलवला की क्रेप सरकतो. ही तिन्ही लक्षणं दिसल्यावरच सराटा कडेकडेने फिरवून आत घाला आणि उलटा. अंड्याचा क्रेप जरा आधी उलटला तरी टिकतो. बिनअंड्याच्या क्रेपमध्ये स्टार्च पुरता शिजेपर्यंत धरून ठेवणारं दुसरं काही नसतं, म्हणून तो अर्धवट शिजलेला असताना हमखास तुटतो. दुसरी बाजू १५ ते २० सेकंद. तिच्यावर नक्षी येत नाही, ठिपके येतात, ते ठीकच आहे.

उतरवलेले क्रेप ताटलीत एकावर एक रचून लगेच झाका. खालच्या क्रेपची वाफ वरच्याच्या कुरकुरीत कडा मऊ करते. पंख्याखाली उघडे ठेवले तर पाच मिनिटांत कडा पापडासारख्या होतात. कूलर चालू असेल तर झोत स्वयंपाकघराकडे येऊ देऊ नका. क्रेप तर वाळतातच, शिवाय गॅसची ज्योत हलते आणि पॅन एका बाजूने थंड राहतो.

बिघडलं तर

पहिला क्रेप पीठ आणि आच तपासण्यासाठी असतो, त्यावरून पुढचे दुरुस्त करायचे. पसरायच्या आत जागेवर धरला आणि बारीक भोकं पडली, तर पॅन जास्त तापलेला आहे. पसरला नीट पण फिकट राहिला, दोन मिनिटं लागली आणि चावताना वातड लागला, तर आच कमी पडली. मंद आचेवर पाणी हळूहळू उडून क्रेप शिजण्याऐवजी वाळतो. आच बरोबर असूनही चिवट असेल तर पीठ जास्त घोटलं गेलं किंवा मुरलं नाही. तसंच आणखी अर्धा तास ठेवा, पुष्कळदा तेवढ्याने सुधारतं.

उलटताना मधोमध फाटत असेल तर आधी थोडं थांबून पाहा. तरीही फाटला तर पीठ फार पातळ आहे, एक मोठा चमचा मैदा थोड्या पिठात वेगळा कालवून त्यात मिसळा. कोरडा मैदा वरून भुरभुरवला तर गुठळ्याच होतील. कॉर्नफ्लोअर अंदाजाने जास्त पडलं असेल तर क्रेप वाकवताना काचेसारखा तडकतो. आणि कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून दर क्रेपआधी पीठ पळीने तळापासून ढवळायचं. पहिले चार मऊ आणि शेवटचे तीन कडक झाले, तर कारण बहुधा हेच.

संत्र्याचा रस आणि क्रेप

संत्र्याचा रस, साखर आणि लोणी यांच्या पाकात भिजवलेला क्रेप फ्रान्समध्ये क्रेप सुझेत म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे त्यावर संत्र्याचं मद्य ओतून पेटवतात. घरी त्याची काही गरज नाही, आणि ज्या गावाच्या नावाने संत्रं ओळखलं जातं तिथे तर मुळीच नाही.

चार-पाच संत्र्यांचा २०० मिली रस, ५० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, एका संत्र्याच्या सालीचा किस आणि छोटा चमचा लिंबाचा रस. आंबिया बहाराची संत्री, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीची, जरा आंबटसर असतात, त्यांना लिंबू लागत नाही. नंतर येणारा मृग बहार अधिक गोड, तेव्हा साखर १० ग्रॅम कमी करा आणि लिंबू आवर्जून घाला.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे किसणीवर दबते. फळ घट्ट असेल तर सोलण्याआधी हलक्या हाताने फक्त केशरी थर किसा. साल फुगलेली असेल तर सोलून पालथी ठेवा, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाका आणि साल अगदी बारीक चिरा.

रस मिक्सरमध्ये काढू नका. संत्र्याच्या गरात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते फळात असेपर्यंत कडू नसतं. रस काढला की त्यातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि लिमोनिन कडूजहर. उष्णतेने हा बदल आणखी लवकर होतो. बिया वाटल्या गेल्या तर विचारूच नका. म्हणून हाताने पिळायचं, बिया-धागे गाळायचे आणि रस लगेच वापरायचा.

पसरट कढईत साखर कोरडीच मध्यम आचेवर वितळू द्या. मधाच्या रंगाची झाली की आच बंद करून रस घाला; जोरात फसफसेल, हात लांब ठेवा. साखरेचे खडे होतील, घाबरू नका, पुन्हा आचेवर ठेवून ढवळलं की विरघळतात. तीन-चार मिनिटं उकळून थोडं आटलं की सालीचा किस आणि लोण्याचे तुकडे घालून हलवा. क्रेपची चौघडी घालून पाकात ठेवा, एकदा उलटा आणि मिनिटभरात बाहेर काढा. जास्त वेळ राहिला तर बिनअंड्याचा क्रेप विरघळू लागतो.

तिखटमिठाच्या क्रेपला एकच पथ्य: सारण कोरडं हवं. हिवाळ्यात तुरीचे सोले लसूण-मिरचीवर परतून, पाणी पूर्ण आटवून भरा. कोरडा झुणका, परतलेला पालक आणि पनीर, सगळं चालतं. रस्सा नको. मैद्याऐवजी कणीक वापरायची तर निम्म्याच मैद्याच्या जागी घ्या, पाणी ३०–४० मिली वाढवा आणि तासभर मुरू द्या, कारण कोंडा सावकाश पाणी पितो.

उरलेले क्रेप गार झाल्यावर मध्ये बटर पेपर घालून बंद डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. थंड झाल्यावर कडक वाटतील. गरम पॅनवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद ठेवले की पुन्हा मऊ होतात.

ज्यांना मैदाही नको, त्यांच्यासाठी कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं, पीठ आहे. ब्रिटनीतली तिखटमिठाची जुनी गॅलेत मुळात कुट्टूचं पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावरच होते. अंडं घालणारे घालतात, पण ते असलंच पाहिजे असं नाही. १०० ग्रॅम पिठाला साधारण २२५ मिली पाणी, चिमूटभर मीठ, उपासाला करायची तर सैंधव. कुट्टूत ग्लुटेन नाही, त्यामुळे जास्त घोटण्याची भीती नाही. हाताने चांगलं फेटा, दोन-तीन तास मुरू द्या, पॅन नेहमीपेक्षा थोडा जास्त तापवा आणि थर किंचित जाड ठेवा. पहिल्या दोन-तीन तुटतीलच. उलटायची घाई न करता एकाच बाजूने शिजवून, वर सारण पसरून, चारी कडा आत दुमडल्या तर उलटायचा प्रश्नच येत नाही. तिकडेही ती बहुतेकदा अशीच, चौकोनी दुमडून वाढतात.